आत्याबाईचं पाणी

धाकट्याच्या पदरात काय पडणार होतं ते आधी पाहून घेऊ, म्हणजे पुढे त्याच्याबद्दल उगाच वाईट किंवा उगाच चांगलं बोलायला नको.

आधी नोकरी. संस्थेत तो इतकी वर्षं तात्पुरता होता की त्याच्यामागून आलेले कायम होऊन, कंटाळून, सोडूनही गेले. मग खोली, आणि तीही खिडकीची. सध्या तो बसायचा ती जागा म्हणजे दोन शीतकपाटांच्या मधली फट, आणि त्या कपाटांच्या पाठीतून येणारी गरम हवा तो नातेवाइकासारखी सहन करायचा. मग सासरे. जेवायला बोलावलं की पहिला घास उतरायच्या आत ते विचारायचे, "मग, सध्या काय चालू आहे?" त्यातल्या 'सध्या'वर ते असा काही जोर द्यायचे की ताटातलं गार व्हावं. आणि सगळ्यांत शेवटी, पण त्याच्या स्वतःच्या मते सगळ्यांत वर, सत्य. तो म्हणत होता ते खरं होतं, आणि ते खरं असल्याचं त्याला एकट्यालाच माहीत होतं. माणसाला एवढं एक कारण पुरतं. बाकीची तीन त्याने धरली नसती तरी चाललं असतं. त्याने धरली होती.

तो म्हणत होता ते असं. मादी माशाच्या पोटात अंडी कोरडी पडलेली नसतात. एका दाटसर, किंचित चिकट पाण्यात असतात. पुस्तकात त्याला अंडाशयद्रव म्हणतात. धाकट्याच्या बहिणीच्या शेडमध्ये त्याला 'बुळबुळ' म्हणत आणि धुऊन टाकत. नराच्या अंगात शुक्राणू झोपलेले असतात. समुद्राचं खारं पाणी लागलं की ते दचकून जागे होतात आणि धावत सुटतात. शिदोरी जेमतेम मिनिटभराची. अंड्याला आत शिरायला एकच बारीक दार, आणि खारं पाणी लागलं की तेही फुगून मिटायला लागतं. म्हणजे इकडे धावणारा दमतोय, तिकडे दार लागतंय. या धांदलीत आईचं ते दाट पाणी मध्ये पडतं. त्यातले क्षार सौम्य असतात. ते शुक्राणूला शिदोरी एकदम उधळू देत नाहीत आणि दारही जरा जास्त वेळ उघडं धरतात. त्या पाण्यातलं एक प्रथिन धाकट्याने हुडकलं होतं. ते काढून घेतलं की शुक्राणू लवकर थांबायचे, परत घातलं की पोहत राहायचे. त्याने ते पाहिलं होतं, लिहिलं होतं, छापलंही होतं.

मग सुट्टीत शीतकपाट बंद पडलं. धाकटा ज्याच्या पाठीशी घाम गाळत बसायचा, तेच. आतले सगळे नमुने नासले. नेमकं तेव्हाच दुसऱ्या एका प्रयोगशाळेने कळवलं की आम्हाला हे जमलं नाही, आणि संस्थेने तपासणी समिती नेमली. समिती सभ्य होती. ताजा द्रव आणा, प्रथिन पुन्हा वेगळं करून दाखवा, नाहीतर दावा मागे घ्या, एवढंच तिने लिहिलं. विभागप्रमुखांना सगळे नुसतं 'सर' म्हणत. ते म्हणाले, "अहो, वाटीभर तर हवाय! बहिणीकडे मासे आहेत ना तुमच्या?"

होता. मासे नव्हे, कामाचा मासा. एक.

ताईची शेड समुद्राला लागून होती. सिमेंटच्या गोल टाक्या, निळे पाइप, कायम ओली जमीन आणि पंपांचा असा अखंड आवाज की तो थांबला तरच माणसं दचकून उठायची. ती अन् तिचा नवरा खोल पाण्यातल्या एका मोठ्या, काळसर माशाची पैदास करत. हा मासा कोंडून ठेवला की रुसतो, आपण होऊन अंडी टाकत नाही. त्याला संप्रेरकाची सुई टोचून, वेळ साधून, पोट हलक्या हाताने दाबून अंडी काढावी लागतात. हे ताईला जमायचं, फार थोड्यांना जमायचं. पिल्लं न्यायला लांबून लोक यायचे. मग दोन वर्षांपूर्वी टाक्यांत रोग शिरला आणि माद्या एकामागून एक उताण्या झाल्या. उरले तीन म्हातारे नर आणि एक मादी. समुद्रात हा मासा आता जाळ्याला लागेनासा झाला होता, त्यामुळे नवी आणायचा प्रश्न नव्हता.

त्या मादीला आत्याबाई हे नाव ताईच्या नवऱ्याने दिलं होतं. कारण विचारलं तर म्हणायचा, "कुणाशी पटत नाही, येताजाता शेपटी मारते, आणि तिच्यावाचून घरातलं एक कार्य होत नाही."

आत्याबाई वर्षातून एकदा पिकायची. गेल्या वर्षी तिची सगळी अंडी बुडाली होती. या माशाचं जिवंत अंडं तरंगतं आणि मेलेलं पांढरं होऊन तळाशी बसतं, त्यामुळे काय झालं ते सांगायला पंडित लागत नाही. तळाशी पांढरा थर पाहून ताई त्या दिवशी जेवली नव्हती. यंदाही बुडाली तर वंश संपला. शेडची जागा शेजारचा बर्फवाला कधीपासून मागत होता. रोज सकाळी तो कुंपणावरून विचारायचा, "काय म्हणतायत आत्याबाई?" प्रश्न मायेने विचारायचा, नजर मात्र टाक्यांच्या मापावर असायची.

तर ताईला भाऊ हवा होता आणि भावाला मासा. दोघांची गरज एकमेकांच्या घरी होती. असं जुळलं की माणसं त्याला प्रेम म्हणतात, आणि पुष्कळदा ते असतंही.

"गेल्या वर्षी का बुडाली सांगू?" धाकटा आल्या आल्या म्हणाला. हातात चहाचा कप, बाजूला बर्फाची पेटी. "तू अंडी धुतेस म्हणून."

"धुणारच! माझ्या सासऱ्यांनी शिकवलंय. मासा स्वच्छ, भांडं स्वच्छ, अंडी स्वच्छ."

"सासऱ्यांच्या वेळी नर तरणे होते, ताई. त्यांना धुतलेलं चालून जायचं. तुझे हे तिघे म्हातारे आहेत. ह्यांच्यात दम किती! त्यांना आत्याबाईचं पाणी लागणार. यंदा एक थेंब जाऊ द्यायचा नाही."

ताईचा नवरा पाइपला पट्टी गुंडाळत होता. "म्हणजे इतकी वर्षं आम्ही औषध फेकून भांडी घासत होतो."

"तसंच म्हणा, भाऊजी."

"काय हो संशोधक, हे आधी नाही सांगितलंत?"

"आधी मलाच कुठं माहीत होतं?"

ताई हसली नाही. तिने कप खाली ठेवला. "छोट्या, जमेल ना रे?"

धाकटा चाळिशी ओलांडलेला होता, पण ताईने छोट्या म्हटलं की त्याचा आवाज आपोआप तसा व्हायचा. "जमेल. फक्त थोडं पाणी मला लागेल. समितीला दाखवायला."

"उरलं तर ने की. तुला नाही म्हणते का मी?"

बोलणं एवढंच झालं. 'उरलं तर' यावर दोघांचं एकमत होतं. फक्त ताईच्या लेखी उरणं शेवटी येत होतं, आणि धाकट्याने ते आधीच बाजूला काढून ठेवलं होतं.

आत्याबाईला सुई टोचली आणि तिचं पोट मऊ व्हायची वाट पाहणं सुरू झालं. हे काम लवकर करून चालत नाही आणि उशिरा तर मुळीच नाही. अंडी कच्ची असली तर सुटत नाहीत, आणि पिकून पोटात राहिली तर तिथेच नासायला लागतात. मधली वेळ थोडी. ताई टाकीच्या कडेला स्टूल टाकून बसली. नवऱ्याने जेवायला हाक मारली तर "तुम्ही घ्या", पडायला सांगितलं तर "पडते", आणि हलली नाही. मध्येच ती पाण्यात हात घालून आत्याबाईच्या पोटाखाली बोटं न्यायची, आणि आत्याबाई, नाव राखून, शेपटी मारायची.

सकाळी उजाडल्यावर ताई म्हणाली, "चला."

लवंगेच्या तेलाच्या पाण्यात आत्याबाईला गुंगवली. शेडभर लवंगेचा वास पसरला. मग ओल्या फोमवर तिला आडवी केली. डोकं भाऊजींनी धरलं, डोळ्यांवर फडकं टाकलं. पोट मात्र कोरडं ठणठणीत पुसायचं, कारण समुद्राच्या पाण्याचा एक थेंब जरी अंड्यांत गेला तरी दारं आधीच मिटायला लागतील. धाकट्याने तीनतीनदा पुसायला लावलं. ताईने तळवा टेकवून दाब दिला आणि अंडी सुटली. मधाच्या रंगाची, पारदर्शक, धार लागल्यासारखी. आणि त्यांच्याबरोबर, त्यांना लपेटून, ते दाट पाणी. सगळं एकाच भांड्यात नको म्हणून दोन पातेल्यांत घेतलं. एक चुकलं तर दुसरं हाताशी असावं, असं ताई म्हणाली.

"बघ ना कशी आहेत," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, पण हात वर न्यायची सोय नव्हती. "अशी कित्येक वर्षांत नव्हती."

"धुवायचं नाही," धाकटा म्हणाला.

"नाही रे बाबा, नाही धूत."

आत्याबाईला परत पाण्यात सोडून ताई आणि भाऊजी पलीकडच्या टाकीकडे नरांना काढायला गेले. नराचं वीर्य दिसायला दुधासारखं, म्हणून शेडमध्ये त्याला दूधच म्हणत. म्हाताऱ्या नराकडून ते मिळवणं म्हणजे चेष्टा नव्हे; जास्त दाबलं तर त्यात मूत उतरतं आणि सगळं वाया जातं. दोघांची पाठ इकडे होती. भाऊजींचा आवाज येत होता. "अहो, लाजता काय? लग्नाचं वय गेलं तुमचं!"

धाकटा दोन पातेल्यांसमोर उभा होता.

त्याच्या डोक्यात जे चाललं होतं त्याला लबाडी म्हणणं सोपं आहे, पण ते गणित होतं. अंड्यांवर पाणी बोटभर उभं होतं. त्याच्या प्रयोगात याहून कितीतरी कमी पाण्यात शुक्राणू पोहले होते. म्हणजे वरचं जास्तीचं. पुढे दूध घालताना, समुद्राचं पाणी घालताना हे सगळं वाहून जाणारच. मग ते त्याच्या काही कामाचं राहणार नाही. घ्यायचं तर आत्ता, ताजं, स्वच्छ. त्याने बारीक चाळणी धरली आणि पहिलं पातेलं तिरकं केलं. पाणी सावकाश ओघळलं, दाट, मधासारखं. मग दुसरं. थांबायचं कुठे हे त्याने ठरवलं होतं. पण पाणी सुंदर येत होतं आणि बाटली भरायची होती. समिती, सर, कपाटांमधली फट, ताटातलं गार अन्न, सगळे त्या चाळणीवर हात धरून उभे होते. बाटली भरल्यावर त्याने खिशातल्या कुपीतले थेंब त्यात टाकले, झाकण लावलं आणि ती बर्फात रोवली. प्रयोगशाळेत तो नेहमी असंच करायचा.

प्रयोगात त्याच्याकडे तरण्या नरांचं दूध होतं. ताईला त्यानेच सांगितलेली गोष्ट त्याच्या स्वतःच्या गणितात आली नाही.

"आणलं, आणलं!" ताई धावतच आली. दूध थोडं होतं, पण पांढरंशुभ्र. पहिल्या पातेल्यात ते घातलं, पिसाने हलक्या हाताने फिरवलं, मग समुद्राचं पाणी. धाकट्याने थेंबभर काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

शुक्राणू जागे झाले. धावले. मग एकेक करून, शर्यत सोडून दिल्यासारखे, थांबले. फार लवकर.

"काय दिसतंय?" ताईने विचारलं.

"पोहतायत," धाकटा म्हणाला. क्रियापद नुकतंच खोटं झालं होतं.

अंडी काचेच्या उंच बरणीत ओतली. सगळी वर आली. ताईने नवऱ्याचा दंड घट्ट धरला. पण वर येणं हा पहिला देखावा असतो. न फळलेलं अंडंही थोडा वेळ तरंगतं. खरी गोष्ट भिंगाखाली कळते. फळलेल्या अंड्यात काही वेळाने मध्ये रेघ पडते आणि एकाचे दोन होतात. धाकटा बघत राहिला. ताई त्याच्या खांद्यामागे उभी राहिली, मग बरणीपाशी गेली, मग परत आली.

"झाले का दोन?"

"वेळ आहे."

"आता?"

"ताई, मागे उभी राहू नकोस ना."

"कुठे उभी राहू मग?"

बरणीत एक अंडं ढगाळ झालं. मग त्याच्या शेजारचं. मग ती खाली यायला लागली, हळूहळू, एकमेकांची वाट बघत. ताई बरणीला कपाळ लावून बसली आणि प्रत्येक अंड्याबरोबर तिची नजर तळापर्यंत जाऊन पुन्हा वर यायची. काही वेळाने वर बघण्यासारखं काही उरलं नाही.

"दुसरं," ती उठून म्हणाली. आवाज कोरडा होता. "दुसरं पातेलं आहे अजून. तिसऱ्या नराला काढलंच नाही आपण. चला, अहो, चला लवकर." तिने पातेलं उचललं आणि तिरकं केलं. अंडी ओल्या वाळूसारखी एका बाजूला सरकली. त्यांच्यामागून काही ओघळलं नाही.

"छोट्या, ह्यातलं पाणी कुठंय?"

धाकट्याने भिंगावरून डोळा काढला नाही.

"मी काय विचारते?"

"थोडं काढलं होतं."

"किती?"

"जास्तीचं."

"जास्तीचं म्हणजे? तूच म्हणालास ना, एक थेंब जाऊ द्यायचा नाही? मी नळाकडे बघितलं तरी ओरडत होतास!"

"म्हणजे आपण धुतलं ती घाण," भाऊजी म्हणाले, "आणि ह्यांनी नेलं ते संशोधन."

"भाऊजी, मला वाटलं पुरेल. खरंच वाटलं. मी उरलेलंच..."

"उरलेलं?" ताई म्हणाली. "अजून वाढलंच नव्हतं, आणि तू उरलेलं उचललंस?" तिने हात पुढे केला. "दे. आहे ना तुझ्याकडे? दे इकडे."

इथे धाकट्याबद्दल एक गोष्ट जमेला धरायला हवी. त्याने क्षणभरही आढेवेढे घेतले नाहीत. नोकरी, खिडकी, सासरे, सत्य, सगळं त्या बाटलीत होतं, आणि तो बर्फाच्या पेटीकडे पळाला, पळताना ओल्या जमिनीवर घसरला, गुडघ्यावर उठला, बाटली घेऊन आला आणि ताईच्या हातात ठेवली. ताईने झाकण काढलं, पातेल्यावर बाटली धरली.

"थांब!" धाकट्याने तिचं मनगट पकडलं. "नको. ताई, नको."

"आता काय?"

"त्यात औषध आहे."

"कसलं?"

"नासू नये म्हणून घालतात ते. जंतू मरतात त्याने. शुक्राणूही मरतात. लगेच."

"तू घातलंस?"

"हात जातो गं. घेतला नमुना की घालायचं, रोजचं आहे ते. प्रथिन वेगळं काढताना धुऊन जातं, तिथे काही बिघडत नाही. इथे..."

भाऊजींनी तोंडावरून हात फिरवला. ताईने झाकण लावलं, व्यवस्थित फिरवून घट्ट केलं आणि बाटली भावाच्या हातात परत दिली. तिने ती आपटली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"तिच्या पोटात असेल अजून," ती म्हणाली.

"ताई, ती दमलीय. आता दाबलंस तर रक्त येईल."

"मग तू सांग. दुसरं काय आहे? सांग ना! तू शिकलायस."

दुसरं काही नव्हतं. पातेल्यातली अंडी क्षणाक्षणाला शिळी होत होती. भाऊजींनी बायकोकडे पाहिलं, मग मुकाट्याने टाकीत उतरून आत्याबाईला उचलली. ती अजून पहिल्या गुंगीतून नीट बाहेर आली नव्हती. तिने शेपटी मारली नाही, आणि हे तिघांच्याही लक्षात आलं. ताईने पोट पुसलं. दाबलं. काही आलं नाही. पुन्हा दाबलं. चमचाभर पाणी आलं, गुलाबी. "आत्याबाई, एवढं एक," ती म्हणत होती, "एवढं एक द्या, मग काही मागणार नाही." तिसऱ्यांदा दाबल्यावर आलं ते लाल होतं.

भाऊजी तिला घेऊन कमरेएवढ्या पाण्यात चालायला लागले. मासा गुंगीतून उठत नसला की त्याला असं पुढे चालवायचं, म्हणजे पाणी कल्ल्यांतून जातं, श्वास येतो. एक हात हनुवटीखाली, एक पोटाखाली. "चला आत्याबाई. एक फेरी. काही नाही होत. रुसायचं नाही." टाकी गोल होती, फेरीला शेवट नव्हता.

इकडे ते गुलाबी पाणी दुसऱ्या पातेल्यात घातलं, तिसऱ्या नराचं दूध घातलं, पीस या वेळी धाकट्याने फिरवलं. बरणी. भिंग. वाट पाहणं. आणि मग धाकटा एकदम ओरडला.

"झाले! दोन झाले! ताई, बघ, हे बघ!"

ताईने डोळा लावला. खरंच. एका अंड्यात रेघ होती, सरळ, नाजूक. शोधल्यावर आणखी काही सापडली, मूठभर नव्हे, चिमूटभर. दोनाचे चार झाले. ताईने भावाचा शर्ट मुठीत धरला आणि तशीच राहिली. रडली नाही, कारण रडलं तर ते थांबतील असं तिला वाटत असावं. पलीकडून भाऊजींनी विचारलं, "काय?" आणि दोघांनी एकदम सांगितलं, "चार!"

चारांचे आठ व्हायला हवे होते. काहींचे झाले, वेडेवाकडे, लहानमोठे. मग ते थांबले. रक्ताने असेल, म्हाताऱ्या दुधाने असेल, शिळेपणाने असेल. भिंगात कारण दिसत नाही, थांबलेलं दिसतं. दुपार कलली तेव्हा ती चिमूटही ढगाळ झाली आणि खालच्या थरात जाऊन मिसळली, म्हणजे आता वेगळी ओळखूही येईना.

भाऊजी अजून चालत होते. ओठ निळे पडले होते. आत्याबाईचे कल्ले केव्हाचे हलायचे थांबले होते. ते त्यांना माहीत होतं.

"अहो, सोडा तिला आता," ताई म्हणाली.

"एक फेरी," ते म्हणाले.

पुढचं लवकर आटपतं. धाकटा बाटली घेऊन जायला तयार नव्हता. ताईनेच ती त्याच्या पेटीत ठेवली, वर बर्फ घातलं. समितीसमोर त्याने प्रथिन वेगळं करून दाखवलं. ते पोहण्यावर काम करतं हे दाखवायला नराचं दूध लागणार होतं. ते मागायला त्याची जीभ रेटेना, तर ताईने तिघांचं दूध काढून, डब्यात भरून, भाऊजींच्या हाती पाठवलं. शुक्राणू पोहले. दावा टिकला.

समितीच्या अध्यक्षबाई मात्र कसून चौकशी करणाऱ्या होत्या. पैदाशीच्या शेवटच्या मादीचा द्रव घेतला असं कानावर आलंय, तो कुणाला विचारून घेतला, अंडी वाया घालवून तर नाही ना, हे त्यांनी थेट ताईला फोन करून विचारलं. ताईने एक शब्द वेगळा टाकला असता तर धाकटा फटीतूनही बाहेर गेला असता. फोन भाऊजींसमोर झाला.

"नाही, नाही, चोरून कसला," ताई म्हणाली. "अंडी बुडालीच होती. पाणी उरलेलं होतं. मीच दिलं त्याला."

फोन ठेवल्यावर भाऊजी तिच्यासमोर येऊन उभे राहिले. "खोटं का बोललीस?"

"मग काय सांगू?" ती म्हणाली. "आत्याबाई फुकट गेली, असं सांगू? तेवढं एक तरी तिच्या नावावर राहू दे."

"आणि आपल्या नावावर?"

ताई रिकामी बरणी घासायला उठली.

तर धाकट्याला नोकरी मिळाली, खोली मिळाली, खिडकी मिळाली. सासरे आता विचारत नाहीत. आलेल्या पाहुण्यांना स्वतःच सांगतात. सत्य होतं तिथेच आहे. बर्फवाल्याला जागा मिळाली, आणि तो माणूस वाईट नाही, भाऊजींना त्याने पंपांवर ठेवून घेतलं. तिन्ही म्हातारे नर समुद्रात सोडले. त्यांना तिथे कुणी भेटायची शक्यता नाही. भरलं ते आत्याबाईने, आणि तिच्याकडे होतं नव्हतं तेवढं सगळं. भरलं ते भाऊजींनी, थोडंथोडं, रोज, पूर्वी स्वतःच्या असलेल्या टाक्यांच्या जागी बर्फाचे साचे भरताना. आणि ताईने भरलं दोनदा: एकदा शेडपायी स्वतःचं, आणि एकदा फोनवर भावाच्या वाटणीचं. धाकट्याकडून कुणाचंच काही येणं निघत नाही.